पत्रकारितेच्या सहायक प्राध्यापकाचं एक पद भरताना : मे ते फेब्रुवारी

मेच्या शेवटच्या आठवड्यात फाइल उघडली आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाचं मान्यतापत्र आलं. मधले साडेआठ महिने एकाच पदासाठी गेले : सोलापुरातल्या एका संलग्न महाविद्यालयात पत्रकारिता व जनसंज्ञापन विषयाचा पूर्णवेळ सहायक प्राध्यापक. तुकडी कायम विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान न मिळणारी, त्यामुळे उच्च शिक्षण संचालनालयाच्या ना हरकतीचा टप्पा आमच्या वाट्याला आला नाही. पद अनुदानित असेल तर तो सगळ्यांच्या आधी येतो आणि त्याचा वेळ या हिशेबात धरलेला नाही.

हे काम पहिल्यांदा अंगावर पडलं की कार्यालयातले जुने लोक मराठी किंवा इतिहासाच्या भरतीच्या फायली काढून देतात. त्या उपयोगी पडतात, पण अर्ध्याच. पदवीची नावं, नेट-सेटचे (शिक्षकपदासाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षांचे) प्रकार, वृत्तपत्रातला अनुभव, तज्ज्ञ कुठून आणायचे, या गाठी पत्रकारितेच्या पदात वेगळ्याच बसतात. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

सुरुवात कार्यभारापासून. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. वेळापत्रकातून हे १६ तास दाखवता आले तरच पूर्णवेळ पद उभं राहतं. आमच्या पहिल्या तक्त्यात कॅमेरा, संपादन आणि पानाची मांडणी यांचे प्रात्यक्षिकाचे तास व्याख्यानाइतकेच धरले होते. तक्ता परत आला. प्रात्यक्षिकाचा तास कसा मोजायचा हे आधी विद्यापीठाच्या मान्यता विभागाला लेखी विचारा, मगच बेरीज करा. आमचे दहा दिवस तिथेच गेले.

जूनमध्ये बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाला जाते हे ठरवणारी क्रमवारी. ती विषयाची नसते, संवर्गाची असते. ‘आमच्याकडे पत्रकारितेचं एकच पद आहे, ते खुलंच असणार’ असं विभागातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तसं नसतं. महाविद्यालयातली सहायक प्राध्यापकांची सगळी पदं नियुक्तीच्या क्रमाने नोंदवहीत लागतात आणि रिकाम्या जागेला कोणता बिंदू येतो ते त्यावरून ठरतं. नोंदवही आधी विद्यापीठाच्या कक्षाकडून आणि मग पुण्याला विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. आमच्या वहीत एका राजीनाम्याची नोंद राहून गेली होती, म्हणून दुसरी फेरी झाली. पुण्याला जाताना सगळ्या मूळ नियुक्तिपत्रांचा आणि जात वैधता प्रमाणपत्रांचा संच न्या, फक्त वही नेऊन भागत नाही. आषाढीच्या आठवड्यात हे काम काढू नका. जिल्ह्यातली निम्मी एसटी पंढरपूरच्या दिशेने असते आणि कार्यालयातली माणसंही.

आमचा बिंदू खुल्या प्रवर्गाचा आला. राखीव आला असता तर जात वैधता प्रमाणपत्र आणि, लागू असेल तिथे, मुदतीतलं नॉन-क्रिमीलेअर हे दोन कागद छाननीचा मोठा भाग झाले असते.

जुलैत जाहिरातीचा मसुदा केला. भरतीचं निम्मं भवितव्य या दहा-बारा ओळींत ठरतं, आणि आमची मोठी चूकही इथेच झाली. मसुद्यात पात्रता म्हणून ‘एम.ए. पत्रकारिता’ एवढंच लिहिलं होतं. एकट्या महाराष्ट्रात या विषयाच्या पदव्युत्तर पदवीला किती नावं आहेत हे माहीत असूनही लिहिलं : एम.जे., एम.सी.जे., एम.जे.एम.सी., एम.ए. मास कम्युनिकेशन, एम.एस्सी. कम्युनिकेशन. जाहिरात रविवारी छापून आली आणि सोमवारी सकाळपासून फोन सुरू झाले, ‘माझी एम.सी.जे. आहे, चालेल का?’ चालणारच होती. पण जाहिरातीत नसलेली पात्रता छाननीत मान्य केली, तर नाकारलेला कोणीही उमेदवार त्यावर बोट ठेवू शकतो. शेवटी शुद्धिपत्रक काढावं लागलं. त्याला पुन्हा मंजुरी, पुन्हा दोन दैनिकांतली जागा, पुन्हा १५ दिवसांची मुदत. वर्तमानपत्रं चौरस सेंटिमीटरवर पैसे घेतात, त्यामुळे शुद्धिपत्रक आटोपशीर ठेवलं तरी खर्च वाढायचा तो वाढलाच. शुद्धिपत्रकातलं वाक्य हे होतं : ‘संबंधित, समर्पक किंवा संलग्न विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी.’ हे नियमावलीचेच शब्द. पहिल्याच दिवशी तेच लिहायला हवं होतं.

जाहिरातीत आणखी तीन गोष्टी असाव्यात. वेतन नियमित श्रेणीत की ठोक, ते उघड लिहा. सातव्या वेतन आयोगात या पदाचा शैक्षणिक स्तर १० आहे आणि सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. विनाअनुदानित संस्था ते देणार नसेल तर उमेदवाराला ते मुलाखतीच्या खोलीत कळणं हा त्याच्या प्रवासखर्चाचा आणि वेळेचा अपमान आहे. दुसरं, अध्यापनाचं माध्यम. तिसरं, मुलाखतीच्या दिवशी वर्गपाठ आणि लेखनचाचणी होणार असल्याची सूचना. नियमावलीत वर्गातल्या व्याख्यानातून अध्यापनक्षमता तपासायला वाव आहे, पण ते ऐनवेळी जाहीर केलं तर तक्रारीला जागा राहते.

अर्जाचा नमुना तुम्हीच द्या, आणि त्यात टक्केवारीचा रकाना ‘श्रेणीवरून रूपांतर केलेलं असल्यास सूत्र जोडा’ या टिपेसह ठेवा. आम्ही टीप दिली नव्हती. काहींनी १० पैकी ६.८ श्रेणीचे थेट ६८ टक्के केले होते. सूत्र विद्यापीठागणिक बदलतं आणि बहुतेक वेळा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. त्यामुळे गुणपत्रकाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मागवा.

या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन पात्रतेबद्दल नव्हता. ‘सर, जागा खरंच रिकामी आहे ना?’ हा होता. काहींनी त्याहून स्पष्ट विचारलं. या प्रश्नाचा राग मानू नये. तो का विचारला जातो हे या क्षेत्रात प्रत्येकाला माहीत आहे. आम्ही एकच उत्तर ठेवलं : छाननीचा तक्ता सूचना फलकावर लागेल, तुमचे गुण तुम्हाला दिसतील, हरकतीला सात दिवस मिळतील. तक्ता खरोखर लावल्यावर फोन कमी झाले.

ऑगस्टअखेर मुदत संपली. ४१ अर्ज आले. गणपती उरकून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाननीला बसलो. ३८ पानी संच आणि ३ पानी अर्ज यांना सारखाच वेळ द्यायचा, तर दिवसाला दहा-अकराच्या पुढे अर्ज होत नाहीत. चार दिवस लागले.

पात्रतेत अडकलेले अर्ज बहुतेक चार प्रकारचे होते.

पहिला प्रकार नेटच्या प्रमाणपत्राचा. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटातला उमेदवार ‘नेट उत्तीर्ण’ लिहितो, त्यात त्याचं काही खोटं नसतं, पण या पदाला तो पात्र नसतो. प्रमाणपत्रावरची ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. विषयही बघा. नेटमध्ये या विषयाचं नाव ‘मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम’, संकेतांक ६३.

दुसरा प्रकार सोलापूरला हमखास भेटतो. विजयपूर आणि कलबुर्गी इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. तिकडचे उमेदवार चांगले असतात, अनेकांना मराठीही येते, पण त्यांच्याकडे कर्नाटकची सेट असते. जून २००२ नंतरची सेट त्या त्या राज्यापुरतीच चालते. आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं ती सेट हवी. नेट असेल तर राज्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय पद राखीव असतं, तर शेजारच्या राज्याच्या जात प्रमाणपत्रावर इथलं आरक्षण मिळालं नसतं. तसे अर्ज खुल्या प्रवर्गातच धरावे लागतात.

तिसरा, पीएच.डी. आहे म्हणून नेट-सेटमधून सूट मागणारे. सूट आहे, पण पदवी यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे मिळालेली असावी लागते, आणि तसं विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागतं. पदवीदानाचा कागद त्यासाठी पुरत नाही. दोघांनी हे प्रमाणपत्र मागवायला वेळ मागितला. मुदतीनंतर नवा कागद स्वीकारायचा नाही असं आम्ही छाननीच्या आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून नाही म्हणता आलं. पीएच.डी. सक्तीची आहे का, हाही प्रश्न अनेकांचा होता. १ जुलै २०२३ पासून विद्यापीठ विभागांतसुद्धा नेट/सेट हीच किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक.

चौथा प्रकार सगळ्यात अवघड : एम.ए. मराठी किंवा राज्यशास्त्र, आणि नेट पत्रकारितेत. हा ‘संलग्न’ विषय धरायचा का? नियमावली यादी देत नाही. आम्ही बाहेरच्या एका विषयतज्ज्ञाचं लेखी मत घेतलं, निकष एका ओळीत लिहिला आणि तो सगळ्यांना सारखा लावला. निर्णय कोणताही घ्या. फक्त अर्जदाराचं नाव समोर येण्याआधी घ्या.

मग गुण. महाविद्यालयासाठी नियमावलीत तक्ता ३-ब आहे, विद्यापीठ विभागासाठी ३-अ. दोन्हींत फरक आहे आणि घाईत चुकीचा तक्ता उघडला जातो. ३-ब मध्ये पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, संशोधन लेखांना प्रत्येकी २ प्रमाणे ६ पर्यंत, अध्यापन अनुभवाला वर्षाला २ प्रमाणे १० पर्यंत, पुरस्कारांना ३ पर्यंत. वर्ष अपुरं असेल तर गुण त्या प्रमाणात : सात महिन्यांचे १.१७.

या तक्त्यात पत्रकारितेचं दुखणं लख्ख दिसतं. एक उमेदवार असा. पदवीला ६२ टक्के (१९ गुण), पदव्युत्तरला ५८ (२०), नेट (८), दोन लेख (४), तीन वर्षं तासिका तत्त्वावर अध्यापन (६) : एकूण ५७. दुसरा उमेदवार बारा वर्षं दैनिकात, त्यातली पाच उपसंपादक म्हणून. पदवीला ५४ टक्के (१०), पदव्युत्तरला ५६ (२०), सेट (५) : एकूण ३५. बारा वर्षांच्या बातमीदारीला शून्य. ‘अध्यापन किंवा पोस्ट-डॉक्टरल अनुभव’ अशी ओळ आहे, तिच्यात पानं लावण्याचा अनुभव बसत नाही, आणि प्रेमापोटी बसवूही नये. त्याचा खरा मार्ग दोन ठिकाणी आहे. नियमावलीप्रमाणे हे गुण मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढ्यासाठीच आहेत. पात्र उमेदवार मोजके असतील तर सगळ्यांनाच बोलवा. आमच्याकडे १९ उरले, १९ जणांना पत्रं गेली. (गुण आणि मुलाखत यांच्या वजनाबाबत राज्य शासन स्वतंत्र निर्णय काढतं. विद्यापीठातल्या पदांसाठी जाहिरातीच्या तारखेला कोणता निर्णय लागू आहे ते बघूनच पुढे जा.) दुसरा मार्ग म्हणजे यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमधलं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. त्यात पीएच.डी. किंवा नेट लागत नाही, पण क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. ते पद मंजूर पदांच्या बाहेरचं आणि मुदतीचं असतं. त्याने या पदाची गरज भागत नाही.

संशोधन लेखांवर वाद झाला तो यूजीसी-केअर यादीवरून, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांच्या यादीवरून. ही यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ज्यांचे लेख त्याआधीचे, त्यांच्या अंकाची त्या काळातली नोंद तपासली. नंतरच्या लेखांसाठी समवलोकन (छापण्याआधी तज्ज्ञांकडून लेखाची तपासणी) खरोखर होतं का हे बघावं लागलं. अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पूर्ण लेख अशा तिन्ही गोष्टी मागवल्याने हे जमलं. नुसतं ‘प्रकाशन प्रमाणपत्र’ जोडणाऱ्यांना गुण दिले नाहीत. तसं प्रमाणपत्र देण्यातच काही मासिकांचा सगळा व्यवसाय आहे.

निवड समितीसाठी कुलगुरूंचे प्रतिनिधी मागणारं पत्र आम्ही छाननी संपल्यावर पाठवलं. ते मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाठवायला हवं होतं, कारण नावं यायला चार आठवडे लागले आणि तेवढे दिवस सगळं थांबून होतं. महाविद्यालयातल्या पदासाठी समितीत व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी (पैकी एक विषयतज्ज्ञ) आणि बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असतात. मागास प्रवर्गातले, महिला, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग उमेदवार असतील आणि समितीत त्या गटातलं कोणी नसेल, तर तसा एक सदस्य वेगळा. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, पाचांची, त्यात बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ हवेतच.

या शेवटच्या अटीवर आमची मुलाखत रद्द होता होता वाचली. पत्रकारितेचं शिक्षक-जग लहान आहे. एका तज्ज्ञांना उमेदवारांची यादी मुलाखतीच्या दोन दिवस आधी गेली आणि त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं की यादीतल्या एकाचे ते पीएच.डी. मार्गदर्शक आहेत. पर्यायी नाव मंजूर यादीत होतं म्हणून निभावलं. यादी होकार मिळाल्याच्या दिवशीच पाठवा आणि ‘कोणत्याही उमेदवाराशी नातं वा मार्गदर्शनाचा संबंध नाही’ असं लेखी घ्या.

मुलाखत सकाळी अकराची असेल तर पुण्याच्या तज्ज्ञांनी आदल्या रात्रीच यावं. संध्याकाळी पुण्याहून निघणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्री सोलापुरात येते. सकाळी निघून अकराला पोहोचण्याच्या भरवशावर गणपूर्ती टांगू नये. म्हणजे मुक्कामाचा खर्च धरावा लागतो. प्रवास, निवास, मानधन आणि दोन वेळचं जेवण मिळून आम्हाला २८ हजारांच्या आसपास लागले. अर्जशुल्क ५०० रुपये ठेवलं होतं, त्यातून जाहिरातीचासुद्धा खर्च निघत नाही.

मुलाखती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवाळीच्या आधी. १९ पैकी १४ आले. सकाळी कागद पडताळणी, मग वीस मिनिटांची लेखनचाचणी, मग वर्गपाठ, मग समिती. चाचणीसाठी पाणीपुरवठ्यावरचं एक पानी प्रसिद्धिपत्रक आम्हीच बनवलं होतं, उजनीच्या समांतर जलवाहिनीच्या धाटणीचं. त्यातून १५० शब्दांची बातमी करायची. पत्रकात मुद्दाम एक बेरीज चुकीची आणि एका अधिकाऱ्याचं पदनाम दोन ठिकाणी वेगळं ठेवलं होतं. चौघांनी बेरीज पकडली. पदनाम दोघांनी. जे सुंदर मराठी लिहून गेले त्यातल्या बहुतेकांनी चुकीची बेरीज तशीच बातमीत उतरवली, आणि समितीला पुढे त्यावरच विचारायला मिळालं. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घाला. तपासणाऱ्यालाही बरं वाटतं.

वर्गपाठ दहा मिनिटांचा, आठव्या मिनिटाला घंटा, समोर द्वितीय वर्षाचे बारा विद्यार्थी. पाच विषय मुलाखतपत्रासोबतच कळवले होते. सात जणांनी अजेंडा-सेटिंग (लोकांनी कशाचा विचार करायचा ते माध्यमं ठरवतात, हा सिद्धांत) निवडलं. मॅककोम्ब्स आणि शॉ, चॅपेल हिल, १९६८ ची निवडणूक, १०० मतदार, १९७२ चा लेख, हे सगळं बरोबर सांगितलं आणि तिथेच थांबले. सोलापूरचं एकही उदाहरण नाही. दोघांनी ‘१९३० चा मार्शल लॉ आणि वृत्तपत्रं’ घेतला. त्यातल्या एकाने सोलापूरच्या, त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन स्वतः ‘गझनफर’ हे पत्र चालवत, तिथून सुरुवात केली. चार हुतात्मा चौकातून रोज जाणारी पोरं मान वर करून ऐकू लागली. पाठ बघताना आम्ही उमेदवारापेक्षा विद्यार्थ्यांकडे जास्त बघितलं. ते जास्त सांगतात. प्रोजेक्टर, तारा आणि खडू आधी तपासून ठेवा. उमेदवाराच्या दहा मिनिटांतली तीन आपल्या वायरीत जाऊ देऊ नयेत.

तोंडी परीक्षेत सगळ्यात उपयोगी पडले ते कायद्याचे साधे प्रश्न. वृत्तपत्र नोंदणी कोणत्या कायद्याखाली होते? बहुतेकांचं उत्तर १८६७. ते १ मार्च २०२४ पर्यंत बरोबर होतं. तेव्हापासून २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू आहे. बदनामीचं कलम? ४९९-५००. तेही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं. उमेदवार कोणत्या वर्षीच्या नोट्स वर्गात वाचून दाखवणार आहे, हे या दोन उत्तरांत कळतं. नोकरीतले पत्रकार इथे पुढे गेले. संशोधन पद्धतीवर मात्र त्यातले बहुतेक अडखळले. निवड झालेल्या उमेदवाराचे छाननीत ४४ गुण होते, यादीत अकरावा क्रमांक.

अहवालावर त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या घ्या, प्रतीक्षायादीसह. तज्ज्ञ गाडीत बसले की एका सहीसाठी कुरिअरचे पंधरा दिवस. प्रत्येक पानावर सही हवी, शेवटच्या पानावरची पुरत नाही. त्यानंतर व्यवस्थापनाचा ठराव, नियुक्तिपत्र, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरमध्ये रुजू. रुजू होताना मूळ कागद, आधीच्या नोकरीचं कार्यमुक्तीपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र. निवडीनंतरचा परिविक्षाकाळ नियुक्तिपत्रात तारखेसह लिहावा.

मान्यतेचा प्रस्ताव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठात दिला. जानेवारीत त्रुटीपत्र आलं, मुद्दा एकच : जाहिरातीचं कात्रण जोडलं होतं, पूर्ण पान नव्हतं. कात्रणावर दैनिकाचं नाव आणि तारीख दिसत नाही. आमच्याकडे पहिल्या जाहिरातीचं पूर्ण पान होतं, शुद्धिपत्रकाचं नव्हतं. जुना अंक दैनिकाच्या कचेरीतून मिळवायला गेलो तेव्हा गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची, संक्रांतीची) सुरू होती आणि अर्ध्या शहराला सुट्टी. अंक चार दिवसांनी मिळाला, दहा रुपयांत. पूर्तता दिल्यावर तीन आठवड्यांनी मान्यता आली. तोवर नव्या शिक्षकांनी पहिलं प्रायोगिक अनियतकालिक विद्यार्थ्यांकडून काढून घेतलं होतं. त्याच्या दुसऱ्या पानावर एक बेरीज चुकली होती, आणि तिसऱ्या पानावर तिचं शुद्धिपत्रक.